आदल्या दिवसाचा भाग

कालचा भाग बघून झालेला होता. मितेशला ते मुद्दाम सांगायचं होतं असंही नाही. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आपल्या चिंचोळ्या दुकानात तो दामल्यांचा सेटटॉप बॉक्स दुसरी वायर लावून चालतो का ते बघत होता. काउंटरवरच्या छोट्या पडद्यावर रेकॉर्डिंगची यादी उमटली होती आणि प्रत्येक नावापुढे एक हिरवी खूण होती. "डिस्क बसत चाललीय, काका," तो म्हणाला. "आज चालंल, उद्या नाय. पन तुमचा काय अडत नाय. सगला बगून झालेलाच हाय. ह्यो कालचा पन झाला. रात्री नऊ बारा." "कालचा नसेल," दामले म्हणाले, "परवाचा असेल." मितेशने पडद्यावर बोट टेकवून तारीख दाखवली. दामल्यांनी चष्मा कपाळावर घेतला, परत नाकावर आणला. तारीख कालचीच होती. काल नऊ बाराला दामले वाचनालयाच्या काउंटरवर बसून पुस्तकांच्या निखळलेल्या पुठ्ठ्यांना डिंक लावत होते, आणि घरात हेमा एकटी होती.

आता यात दचकण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. बायकोने नवऱ्याच्या अगोदर मालिकेचा एक भाग बघितला, एवढंच. पण दामल्यांचं डोंबिवलीतलं घर गेली बारा वर्षं एक दिवस मागे चालत होतं आणि ते एका नियमावर चालत होतं. रात्री आठची मालिका आठला बघायची नाही. ती डब्यात भरून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, दुसऱ्या चहाबरोबर, दोघांनी मिळून बघायची. एकट्याने डोकावायचं नाही. दामल्यांची दुपारपाळी होती तेव्हा हे सुरू झालं. पुढे निवृत्त झाल्यावर ते संध्याकाळी सहा ते साडेनऊ गल्लीच्या टोकाच्या वाचनालयात बसू लागले, तेव्हा आपोआपच चालू राहिलं. मालिका संपल्या, नव्या आल्या, त्यांतल्या सुना सासवा झाल्या, पण दहाचा चहा हलला नाही. नातेवाइकांना चेष्टेची चांगली सोय झाली होती. दामल्यांकडे अजून कालच आहे, असं म्हणायचे. सून श्रिया ठाण्याहून फोनवर काही सांगू लागली की हेमा घाईघाईने तिला अडवायची, "अगं थांब थांब, आमचं व्हायचंय अजून." त्यातलं ते 'आमचं' दामल्यांना फार आवडायचं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेलेल्या माणसाने असलं काही बोलून दाखवायचं नसतं, म्हणून ते बोलले नव्हते इतकंच.

आणि अंदाज. जाहिराती लागल्या की हेमा रिमोट हातात घेऊन नुसती बसायची, त्या पुढे पळवायची नाही. कप बशीत ठेवायची आणि विचारायची, "आता काय होईल हो?" दामले टेकून बसायचे, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायचे आणि सांगायचे. पत्र मोठ्या जावेने लपवलं असणार. "हो का?" हेमा म्हणायची, "मला आपली ती धाकटीच जरा जास्त गप्प वाटत होती." मग दामले क्षणभर विचार करायचे आणि म्हणायचे, बरोबर आहे, धाकटीच. दहा मिनिटांत धाकटीच्या गादीखालून पत्र निघायचं. "कसं बाई कळतं तुम्हाला," असं हेमा म्हणाली की दामल्यांचा सगळा दिवस चांगला जायचा. वाचनालयातसुद्धा ते एकदोनदा म्हणाले होते की मला या मालिकांचं आधीच कळतं, एकदा मेख कळली की सगळ्या सारख्याच. ते वाक्य आता मितेशच्या काउंटरसमोर उभं असताना त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बारा वर्षं. सगळ्या हिरव्या खुणा, नऊ दहा, नऊ वीस, नऊ पाच. रोज रात्री तिने बघितलं होतं आणि रोज सकाळी परत, पहिल्यांदाच बघितल्यासारखं. पदर तोंडाला लावून ती दचकायची ते दचकणं कुठलं होतं? आणि ते खोटं होतं तर आणखी काय काय खोटं होतं? आपण आणलेली भाजी आवडली म्हणायची ते?

एवढ्यात साकेत आला. शनिवार होता, त्याचं घर इथून पाच मिनिटांवर, आणि वडिलांनी एवढ्या लांबून जुना डबा पिशवीत घालून आणलाय याचंच त्याला हसू येत होतं. "बाबा, काय हे. हे आता कोणी वापरत नाही. मितेश, तू सांग ना यांना." मितेशने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तो चेंदणी कोळीवाड्यातला, साकेतच्याच वयाचा, दोघांच्या शाळा वेगळ्या, तरी क्रिकेटमुळे ओळखीचे. "त्याचा पन बरोबर हाय, काका. रेकॉर्डिंगवाला आता कंपन्या देत नाय. माज्याकडं जुन्या मालातला एक पीस हाय, दोन वर्स चालंल का तीन, माहीत नाय. नायतर हा घ्या." त्याने बोटाएवढी काळी कांडी काउंटरवर ठेवली. साकेतने ती उचलून दामल्यांच्या तळहातावर ठेवली. "ही टीव्हीच्या मागे लावायची. वायफाय मी घेऊन देतो. रेकॉर्ड करायची भानगडच नाही. कुठलाही भाग, कधीही. एकसुद्धा मिस होणार नाही. मागचे तुमचे मिस झालेत ना, लाईट गेली की जायचे, ते पण बघता येतील, अगदी पहिल्यापासून." "लाईट गेल्यावर असा नाय होत," मितेश मध्येच म्हणाला. त्याचं लक्ष अजून पडद्यावरच होतं. "लाईट गेली का अर्धा राहतो, यादीत अर्धाच दिसतो. ह्ये बगा, उडवलेल्यांची यादी अलग हाय. ह्ये कोनीतरी हातानी उडवलेत. पूर्ण बगून, मग उडवलेत." साकेत म्हणाला, "आईचं बोट लागलं असेल." "एवढ्या येला?" मितेश म्हणाला आणि यादी खाली खाली सरकवत गेला.

दामल्यांनी काळी कांडी काउंटरवर परत ठेवली. मी जरा चहा घेऊन येतो, तुम्ही बघा काय ते, असं म्हणून ते बाहेर पडले, पण चहा काही घेतला नाही. चालत चालत घंटाळीच्या देवळाजवळ आले आणि सावलीतल्या कट्ट्यावर बसले. शेजारी एक बाई तगरीची फुलं दोऱ्यात ओवत होती. तिने सरकून जागा दिली. दामल्यांना राग आला होता आणि राग कशाचा आहे ते नीट धरता येत नव्हतं. फसवणूक म्हणावी तर कसली? तिने कोणाचं काय बुडवलं? तरी रोज सकाळी दहाला कोणी आपल्याला लहान मुलासारखं खेळवत होतं, मुद्दाम हरत होतं, आणि आपण पेढा मिळाल्यासारखे खूश होऊन आंघोळीला जात होतो, हे त्यांना सहन होईना. साकेत लहान असताना ते स्वतः त्याच्याशी पत्ते खेळताना असेच हरायचे. मुलाला कळू नये म्हणून चेहरा पाडायचे. हेमा स्वयंपाकघराच्या दारातून बघून हसायची. ते तिने तिथूनच उचललं की काय.

आणि उडवलेले? बघायचे, आणि मग उडवायचे. कशासाठी? दामल्यांनी मनातल्या मनात ते सुटलेले भाग मोजायचा प्रयत्न केला. हेमा सकाळी चहा घेऊन यायची आणि दारातूनच सांगायची, "काल रेकॉर्डच झालं नाही हो. आठला लाईट गेलेली." दामले चुकचुकायचे. मग ती म्हणायची की मी शेजारच्या सुमतीवहिनींना विचारलं, काही नाही, नुसतं भांडण होतं. तेवढ्यावर भागायचं. वाचनालय त्याच गल्लीत, त्याच वायरीवर. तिथला पंखा कधी थांबला नव्हता. हे इतक्या वर्षांत एकदाही आपल्या डोक्यात येऊ नये याचं त्यांना नवल वाटलं, आणि मग तेही वाटेनासं झालं, कारण त्यांना एकदम त्या थोरल्या दिराचा फोटो आठवला. मागच्या मालिकेतला थोरला दीर, कारखान्यावर जाणारा, चांगला हसतमुख माणूस. एकदा ओळीने तीन दिवस लाईट गेली. चौथ्या दिवशी मालिका लावली तर त्याचा फोटो भिंतीवर, फोटोला हार. "अरे, हा गेला?" दामले म्हणाले होते. "अटॅकने म्हणे," हेमा म्हणाली. "अटॅकने? पस्तिशीचा माणूस." "हल्ली काही सांगता येतं का," हेमा म्हणाली होती आणि बिस्किटाचा पुडा उघडायला कात्री हवी म्हणून उठून आत गेली होती. त्याच मालिकेत आणखी एकदा, सुनेच्या दोन्ही हातांना पांढरी बँडेजं होती आणि ती का, ते काही केल्या कळेना. "चहा सांडला वाटतं," हेमा म्हणाली होती.

कारखान्यावर जाणारा माणूस कशाने जातो हे दामल्यांना माहीत होतं. जगन शहाडचा, रसायनांच्या कारखान्यात त्यांच्याबरोबरच ऑपरेटर होता. डब्यात रोज सुकट आणायचा आणि दामले ब्राह्मण म्हणून उगाच लांब जाऊन बसायचा, मग दामलेच आपला डबा घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसायचे. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या श्रावणात रिअ‍ॅक्टरचं झाकण उडालं तेव्हा दामले दहा पावलं मागे होते, जगन दहा पावलं पुढे. अकरा दिवस तो भाजलेल्यांच्या वॉर्डात होता आणि अकराही दिवस दामले जात होते. ओल्या कापसाने त्याचे ओठ भिजवायचे. तो रोज विचारायचा, आज पाळी कुठली. बाराव्या दिवशी सकाळी गेले तर खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. भाजल्याचा तो वास मात्र राहिला. घरी दामले त्यातलं काही बोलले नाहीत. हेमाने विचारलं नाही. ते अकरा दिवस त्यांचे शर्ट तिने वेगळ्या बादलीत भिजवले आणि स्वतःच्या हाताने धुतले, मोलकरणीला दिले नाहीत, एवढंच त्यांना दिसलं होतं. तेही त्यांनी तेव्हा मनात धरलं नव्हतं.

आणि मग चैत्र आला. तो आठवायला त्यांना फार खणावं लागलं नाही, तो वरच होता. घरात हळदीकुंकू झालं होतं, बायका गेल्या होत्या, साप्ताहिक सुट्टी म्हणून दामले घरी होते. वाटीत उरलेली आंब्याची डाळ घेऊन दोघं टीव्हीसमोर बसली. तेव्हा मालिका आठलाच बघायचे. पडद्यावर कोणाच्यातरी पदराला स्टोव्हचा जाळ लागला. नुसती मालिका, जाळसुद्धा धड खरा वाटत नव्हता. दामले उठले, वाटी टीपॉयवर ठेवली, चपला न घालता बाहेर गेले आणि गच्चीच्या जिन्यावर अंधारात जाऊन बसले. किती वेळ गेला माहीत नाही. हेमा शोधत आली. ती त्यांच्या एक पायरी खाली बसली. मग म्हणाली, "खाली चला. डाळ उरलीय अजून." त्यानंतर आठ-दहा दिवसांनीच अक्षय्य तृतीया होती. दर वर्षी गुंजभर का होईना, सोनं घेणारी हेमा त्या वर्षी म्हणाली की सोनं राहू दे, तो रेकॉर्डिंगवाला डबा निघालाय ना, तो आणू. तुमच्या पाळीमुळे तुमचं सगळं बुडतं. सकाळी सावकाश बघत जाऊ, दोघं.

तगरीवाल्या बाईने विचारलं, "काय होतंय का, बाबा? पाणी देऊ?" दामल्यांनी मान हलवली. पाणी नको होतं. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. डबा त्यांच्या पाळीसाठी आलाच नव्हता. तो त्या जिन्यासाठी आला होता. रोज रात्री हेमा एकटी बसून, चाळणीतून पीठ चाळावं तसा एकेक भाग आधी चाळून बघत होती, त्यात जाळ आहे का, भाजलेलं कोणी आहे का, खाटेवर कोणी निजलंय का. आणि बघताना तिला काय होत असेल? अकरा दिवसांचे शर्ट तिनेच धुतले होते. ते तिने कोणाला सांगितलं? वाचनालयातली ती संध्याकाळची जागा कोणी सुचवली होती, हेही आठवायला दामल्यांनी सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. पुरे झालं. माणसाने किती उकरावं. अंदाजांबद्दलचा राग कुठे गेला ते त्यांना कळलंही नाही. उलट वाटलं, एवढं सगळं एकटीने सांभाळताना तिला वर आपल्याला जिंकवायचंही सुचत होतं.

दुकानात साकेतने कांडी मितेशच्या टीव्हीला लावून ठेवली होती. "बघा बाबा, तुमची मागची मालिका. कितवा भाग हवा सांगा." पडद्यावर चौकोनी चित्रांची रांग होती आणि रांगेच्या शेवटून चौथ्या चित्रात थोरला दीर हसत होता. दामल्यांनी मान फिरवली. "ही नको." "का पण?" "मला तो जुन्या मालातला हवाय." साकेतने दीर्घ श्वास घेतला. "बाबा, तो दोन वर्षांत बंद पडेल. आणि लाईट गेली की परत तेच. आईला तरी विचारू या?" त्याने फोन लावून स्पीकर चालू केला. "आई, बाबांना समजाव जरा. यात सगळं मिळतं, काहीच सुटत नाही." पलीकडून आधी कुकरची शिट्टी आली. "सगळं म्हणजे मागचंसुद्धा?" हेमाने विचारलं. "सगळं, पहिल्यापासून." ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. तुम्ही आणाल ते. पण रेकॉर्डिंगवाला असता तर बरं होतं. सवयीचा." आवाज नेहमीचाच होता. पण दामल्यांना त्यातली भीती लख्ख ऐकू आली, आणि आतापर्यंत ही कधी ऐकू आली नव्हती म्हणून स्वतःची लाज वाटली. ते फोनकडे वाकून म्हणाले, "तोच घेतोय गं. तू काळजी नको करू." "काळजी कसली त्यात," हेमा म्हणाली आणि फोन ठेवला.

मितेश खोका काढायला मागे गेला. खोक्यावर धूळ होती, ती त्याने फडक्याने पुसली. दामल्यांनी काउंटरवर कोपर टेकवून हळूच विचारलं, "ती हिरवी खूण बंद करता येते का?" "येती की. पन कशाला? खूण असली का समजतं काय बगून झालाय." "ते समजायला नकोय," दामले म्हणाले. "वेळसुद्धा दिसायला नको. आणि ती उडवलेल्यांची यादी." मितेशने त्यांच्याकडे जरा बघितलं, मग साकेतकडे बघितलं. साकेत फोनवर श्रियाला बाबा जेवायला येतायत ते सांगत होता. रिमोट घेऊन मितेशने एकेक करून तिन्ही गोष्टी बंद केल्या. "झाला, काका," तो म्हणाला. "आता ह्यो काय कोनाला सांगनार नाय."

नवा डबा म्हणजे जुनाच डबा चालू झाला. दहाचा चहा, जाहिराती, आता काय होईल हो. दामल्यांना वाटलं होतं की कळल्यावर आपल्याला ते जमणार नाही, पण जमलं. ते बोटं एकमेकांत अडकवून अंदाज सांगत आणि हेमा धाकट्या जावेकडे किंवा वकिलाकडे हळूच बोट दाखवी, आणि दामले तिकडे वळत. फक्त आता ते पडद्याऐवजी मधूनमधून तिच्याकडे बघत. ती खरंच दचकत होती. दुसऱ्यांदा बघतानाही दचकता येतं, किंवा शेजारी कोण बसलंय त्यावर ते असतं. त्यांनी त्याचा फार विचार केला नाही.

दीड महिन्याने, एका सोमवारी संध्याकाळी वाचनालयात नऊच्या सुमाराला दोन बायका पुस्तकं बदलायला आल्या. त्यांतली एक सुमतीवहिनी होत्या. "मला तर तो मंडप पेटला तेव्हा बघवेना," त्या दुसरीला म्हणत होत्या, "आणि ती नवरी आतच," आणि दामल्यांना बघून त्यांनी जीभ चावली. "अय्या, तुमचं व्हायचंय, नाही का." दामले हसले, पुस्तकावर शिक्का मारला. शिक्का सरळ उमटला. डोक्यावर पंखा फिरत होता. घरी गेल्यावर हेमाने वाढलं, दामले जेवले. तिचे डोळे जरा लाल होते. कांदा चिरला असेल, असं दामल्यांनी ठरवलं.

सकाळी दहाला ती दोन कप घेऊन आली आणि दारातच थांबली. "काल रेकॉर्डच झालं नाही हो," ती म्हणाली. "आठला लाईट गेलेली." दामल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "हो ना," ते म्हणाले. "वाचनालयातही गेली होती. मेणबत्ती लावून बसलो."

हेमा त्यांच्याकडे बघत राहिली. गल्लीत काल कुठेच लाईट गेली नव्हती, हे या घरात आता दोघांना माहीत होतं. मग ती पुढे आली, एक कप त्यांच्यासमोर ठेवला, आणि रोजच्या खुर्चीत न बसता कोचावर त्यांच्या शेजारी बसली. "मेणबत्ती कुठून मिळाली?" तिने विचारलं. "ड्रॉवरमध्ये असते एक," दामले म्हणाले. चहाचा घोट घेऊन झाल्यावर बंद टीव्हीकडे बघत तिने हळूच विचारलं, "मग काल काय झालं असेल हो?"

दामल्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काही नाही," ते म्हणाले. "नुसतं भांडण झालं असेल."